ग्रेस हॉपर
ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर, १९०६ - १ जानेवारी, १९९२) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि नौदल अधिकारी होत्या. कोबॉल या संगणक भाषेच्या घडणीतील वाट्यासाठी त्या प्रामुख्याने ओळखल्या जातात. तथापि, आधी लिहून ठेवलेले उपकार्यक्रम संग्रहातून काढून नव्या कार्यक्रमाला जोडण्याचे काम यंत्रावर सोपवणे, हे त्यांचे अधिक मूलभूत कार्य होय. आजच्या लिंकरचे मूळ या कामात सापडते.

जीवन
हॉपर यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या होत्या. गजराचे घड्याळ चालते कसे हे पाहण्यासाठी बालपणी त्यांनी घरातील सात घड्याळे खोलली होती. १९२८ साली व्हॅसर महाविद्यालयातून त्यांनी गणित व भौतिकशास्त्र या विषयांत पदवी घेतली आणि १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच अध्यापन करीत होत्या. १९३० साली व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९४५ साली घटस्फोट झाला, पण आडनाव त्यांनी कायम ठेवले.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात जाण्यासाठी वय अधिक आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, अशा दोन अडचणी आल्या. विशेष सूट मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली मार्क १ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर त्यांची नेमणूक झाली. या यंत्राची पाचशेहून अधिक पृष्ठांची माहितीपुस्तिका मुख्यतः त्यांनीच लिहिली.

मार्क २ यंत्राच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर, १९४७ रोजी सापडलेल्या पतंगाची गोष्ट त्यांच्या नावाशी जोडली जाते. पतंग त्यांना स्वतःला सापडला नव्हता, आणि दोषासाठी बग हा शब्दही अभियंत्यांमध्ये एडिसनच्या काळापासून रूढ होता. गोष्ट सर्वदूर पोचली ती हॉपर यांच्या व्याख्यानांमुळे.

नक्कल आणि बेरीज
हार्वर्डमधील प्रोग्रामर उपयोगी पडणारे तुकडे वह्यांत टिपून ठेवत आणि गरजेनुसार एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. १९४९ साली हॉपर फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉचली कंपनीत युनिव्हॅक संगणकावर काम करू लागल्या, तेव्हाही हीच रीत होती. प्रत्येक उपकार्यक्रम शून्य या पत्त्यापासून सुरू होतो असे मानून लिहिलेला असे. तो मोठ्या कार्यक्रमात मध्येच बसवायचा, तर त्यातील प्रत्येक पत्त्यात ठरावीक संख्या मिळवावी लागे. ही बेरीज हाताने होई आणि चुके. नक्कल करतानाही घोळ होत: ४ हा आकडा रिकाम्या जागेसाठी वापरले जाणारे डेल्टा चिन्ह होऊन बसे, तर बी हे अक्षर १३ होई. तुकडा मुळात अचूक असूनही जोडणीत बिघडे.

केंब्रिजमध्ये डेव्हिड व्हीलर यांनी एडसॅक संगणकासाठी उपकार्यक्रम भरताना पत्ते यंत्राकडूनच जुळवून घेण्याची सोय १९४९ मध्येच केली होती. हॉपर यांनी ए-० या प्रणालीत याच्या पुढचे पाऊल टाकले. प्रोग्रामरने केवळ हव्या त्या उपकार्यक्रमांचे क्रमांक व त्यांना द्यावयाची मूल्ये लिहायची; चुंबकीय फितीवरील संग्रहातून ते तुकडे शोधणे, त्यांचे पत्ते बदलणे आणि पूर्ण कार्यक्रम नव्या फितीवर उतरवणे हे संगणक करी. तुकडे गोळा करून ग्रंथ सिद्ध करावा तसे हे काम, म्हणून त्यांनी त्यास कंपायलर म्हटले. आजच्या अर्थाने ए-० हा कंपायलरपेक्षा लिंकरच अधिक होता. मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी ही कल्पना निबंधाद्वारे मांडली.

ए-० फितीवरून एकदाच पुढे जात असे. त्यामुळे अद्याप न आलेल्या तुकड्याकडे उडी मारायची असल्यास त्याचा पत्ता ठाऊक नसे. यावर हॉपर यांनी स्मृतीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. उडी त्या कोपऱ्यात मारायची आणि पुढील तुकड्यासाठी खूण सोडायची. तो तुकडा आला की कोपऱ्यात त्याच्या पत्त्याची उडी लिहिली जाई. महाविद्यालयात बास्केटबॉल खेळताना चेंडू सहकारिणीकडे देऊन पुढे धावायचे आणि तेथे तो परत घ्यायचा, या डावावरून हे सुचल्याचे त्या सांगत.

ही अडचण आजही पूर्णपणे गेलेली नाही. नागपूरच्या धरमपेठेत किंवा अन्य कोठेही स्रोतसंहितेपासून सॉफ्टवेअर बांधणाऱ्या विद्यार्थ्याला कंपायलरने सर्व फायली स्वीकारल्यावर शेवटी अमुक नावाची व्याख्या सापडत नाही, असा संदेश मिळतो. पुष्कळदा लायब्ररी संगणकावर असते, पण आज्ञेत चुकीच्या जागी लिहिलेली असते. ग्नू लिंकर स्थिर लायब्ररी डावीकडून उजवीकडे पाहतो आणि तोवर अनुत्तरित राहिलेल्या नावांपुरतेच तुकडे उचलतो. लायब्ररी वापरणाऱ्या फाइलच्या आधी तिचे नाव आले, तर त्या नावांची मागणीच तोवर झालेली नसते. लायब्ररीचे नाव फाइलनंतर लिहिले की दोष जातो. जोडणी होऊनही कार्यक्रम सुरू होताना सामायिक लायब्ररी सापडली नाही, तर मात्र दोष निराळा असतो. तेथे शोधमार्ग व आवृत्ती तपासावी लागते.

विरोध आणि कोबॉल
संगणक केवळ गणित करू शकतो, कार्यक्रम लिहू शकत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. चालू असलेला कंपायलर हाताशी असूनही त्यांना मान्यता मिळवण्यासाठी झगडावे लागले. कामाच्या ताणाच्या या वर्षांत त्या मद्याच्या आहारी गेल्या होत्या आणि मित्र एडमंड बर्कली यांनी त्यांना खरमरीत पत्र लिहून सावध केले होते. १९५३ मधील ए-२ ही प्रणाली ग्राहकांना स्रोतसंहितेसह देण्यात आली व त्यांच्याकडून सुधारणाही मागवण्यात आल्या.

पुढे इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची कल्पना मांडताना त्यांनी तोच कार्यक्रम फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. व्यवस्थापन प्रभावित होण्याऐवजी दचकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कळावी हे त्यांच्या पचनी पडेना. या प्रयत्नांतून आलेल्या फ्लो-मॅटिक भाषेचा कोबॉलवर ठळक प्रभाव आहे. कोबॉल १९५९ मध्ये स्थापन झालेल्या समितीने घडवली, हॉपर तिच्या तांत्रिक सल्लागार होत्या. त्यामुळे एकट्या त्यांनाच तिची जननी म्हणणे अचूक नाही. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल कार्यक्रम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन भिन्न यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

उत्तरकाळ
१९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये परत बोलावले. निरनिराळ्या कंपन्यांचे कोबॉल कंपायलर प्रमाणानुसार चालतात की नाही, हे तपासणारे कार्यक्रम त्यांच्या गटाने तयार केले. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेवढे अंतर कापतो तेवढ्या, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारा त्या श्रोत्यांना वाटत. १४ ऑगस्ट, १९८६ रोजी रिअर ॲडमिरल पदावरून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय ७९ होते. आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले व तेथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेल्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आले.