लुई आर्मस्ट्राँग : कॉर्नेट आणि घेवडा-भात

माझे चुलते लगीनसराईत बँडपथकात ट्रंपेट वाजवतात. वरात दारात पोहोचवून द्यायची, मग मांडवाच्या कडेला बसून राहायचे आणि सगळ्या पंगती उठल्यावर जे उरले असेल ते पानात घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता मी लहानपणापासून पाहिला आहे. त्यामुळे कॉलेजच्या ग्रंथालयात लुई आर्मस्ट्राँगविषयी वाचू लागलो तेव्हा त्याच्या वाद्याच्या आधी माझे लक्ष त्याच्या जेवणाकडे गेले. वाचकांनी हसू नये! या माणसाची कहाणी खरोखरच स्वयंपाकघरातून सुरू होते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात ४ ऑगस्ट १९०१ रोजी लुईचा जन्म झाला. बाप घर सोडून गेलेला. आजीने आणि नंतर आई मेअ‍ॅनने मिळेल ते काम करून त्याला वाढवले. शाळा पाचवीतच सुटली. कार्नोफ्स्की नावाच्या एका ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या आणि कोळशाच्या गाडीवर तो कामाला लागला. गाडी आल्याचे लोकांना कळावे म्हणून पत्र्याची पिपाणी फुंकायची, हे त्याचे पहिले वादन. रात्री त्या घरचे लोक त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवत. पाच डॉलरचे एक जुने कॉर्नेट घेण्यासाठी त्यांनीच उचल दिली. गोऱ्यांच्या त्या राज्यात एका कृष्णवर्णीय पोराला आपल्या पंगतीला घेणे ही साधी गोष्ट नव्हती. लुई ती शेवटपर्यंत विसरला नाही. १९६९ साली इस्पितळात असताना त्याने या कुटुंबाच्या आठवणी स्वतःच्या हाताने लिहून काढल्या.

१९१२ च्या वर्षअखेरीच्या रात्री त्याने गंमत म्हणून रस्त्यात पिस्तूल उडवले आणि त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे पीटर डेव्हिस या शिक्षकांनी त्याला कॉर्नेट शिकवले. खरा गुरू मात्र बाहेर आल्यावर भेटला. जो ऑलिव्हर हा त्या शहरातला नामांकित कॉर्नेटवादक. लोक त्याला किंग, म्हणजे राजा, म्हणत. लुई त्याच्या बायकोसाठी, स्टेलासाठी, बाजारहाट करी. बदल्यात ऑलिव्हर त्याला सूर दाखवी आणि स्टेला ताटभर लाल घेवडा-भात वाढी. हा घेवडा म्हणजे राजमा. आमच्याकडच्या वाघ्या घेवड्याचाच भाऊबंद. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, म्हणून त्या दिवशी घेवड्याचे पातेले मंद आचेवर ठेवून बाया धुण्याला लागत. गरिबाचे अन्न ते. पुढे जगभर कीर्ती झाली तरी लुई पत्रांच्या शेवटी सहीच्या वर याच घेवडा-भाताची आठवण लिहीत असे. ऑलिव्हरने त्याला स्वतःचे एक जुने कॉर्नेटही देऊन टाकले होते.

ऑलिव्हर पुढे शिकागोला गेला आणि ऑगस्ट १९२२ मध्ये तिथून त्याची तार आली. लुई निघाला. आईने माशाचे सँडविच बांधून दिले, कारण रेल्वेच्या भोजनडब्यात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये गुरुशिष्य शेजारी उभे राहून वाजवू लागले. ऑलिव्हर ऐन वेळी काय वाजवणार हे लुईला आधीच कसे कळते, याचे लोकांना नवल वाटे. १९२३ मध्ये रेकॉर्ड निघाली तेव्हा लुईचा सूर इतका जोरकस होता की त्याला इतरांपासून लांब उभे करावे लागले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. पथकातील पियानोवादक लिल हार्डिन हिच्याशी १९२४ मध्ये लुईचे लग्न झाले. ऑलिव्हरच्या हाताखाली राहशील तर कायम दुय्यमच राहशील, असे तिने त्याला बजावले. लुई जवळ असेपर्यंत तो आपल्यापुढे जाऊ शकत नाही, असे ऑलिव्हर स्वतः बोलल्याचेही लिलने पुढे सांगितले आहे. लुईने गुरूचे पथक सोडले. याला कृतघ्नपणा म्हणावा काय? घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सोपा वाटत नाही. मला वाटते, लिलचे बरोबर होते. पण लुईला ते सोपे गेले नाही. तो आयुष्यभर आपल्या यशाचे श्रेय ऑलिव्हरलाच देत राहिला. १९२८ सालची त्याची सर्वांत गाजलेली रेकॉर्ड, वेस्ट एंड ब्लूज, ही रचना ऑलिव्हरचीच आहे. ती मी चुलत्यांना मोबाइलवर ऐकवली. शेवटी लुई एकच सूर धरून ठेवतो तिथे त्यांनीही आपला श्वास धरला!

लुईची कीर्ती मुंबईपर्यंत पोहोचली होती. मुंबईत ट्रंपेट वाजवणारे गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेल्या १९५१ च्या 'अलबेला'त ते पडद्यावरही दिसतात.

इकडे ऑलिव्हरची मात्र दैना झाली. हिरड्यांच्या आजाराने दात गेले, आणि दात गेल्यावर कॉर्नेट कसले वाजणार? दौऱ्यावरचे पथक मोडले. १९३७ मध्ये लुईचे पथक जॉर्जियातील सॅव्हाना गावी गेले, तेव्हा त्याचा गुरू तिथे भाजीपाल्याची गाडी लावून उभा होता. लुईने खिशात होते तेवढे पैसे दिले. पथकातील जुन्या सोबत्यांनीही भर घातली. त्या रात्री ऑलिव्हर नीटनेटका पोशाख करून कार्यक्रमाला आला आणि रंगमंचाच्या कडेला उभा राहिला. एप्रिल १९३८ मध्ये तो वारला. लुई अंत्ययात्रेला हजर होता. त्याने आधीच काही करायला हवे होते, असे वाचताना माझ्या मनात आलेच.

दौरे म्हणजे काय कष्ट होते! वर्षातले सुमारे तीनशे दिवस प्रवास. दक्षिणेत हॉटेलात खोली नाही, जेवण मागच्या दाराने. १९३१ मध्ये मेंफिसला तर सगळ्या पथकाला तुरुंगात टाकले, कारण बसमध्ये व्यवस्थापकाची गोरी पत्नी त्यांच्याबरोबर बसली होती. १९४७ पासूनच्या त्याच्या ऑल स्टार्स पथकात गोरे-काळे एकत्र वाजवत. लुइझियाना राज्याने अशा मिश्र कार्यक्रमांना बंदी घातली, तेव्हा १९६५ पर्यंत तो आपल्या जन्मगावी वाजवायला गेलाच नाही. गायिका वेल्मा मिडलटन १९६१ च्या आफ्रिका दौऱ्यात फ्रीटाउनला आजारी पडली. तिला इस्पितळात ठेवून पथकाला पुढे जावे लागले आणि ती तिथेच वारली.

चौथी पत्नी ल्युसिल हिला लग्नापूर्वी लुईने विचारले होते ते घेवडा-भात येतो का, एवढेच! तिने थोडी मुदत मागितली आणि दोन दिवसांनी त्याला जेवायला बोलावले. १९४३ मध्ये, तो दौऱ्यावर असताना, तिने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घर घेतले. लुई परतला तेव्हा हे आपले घर आहे यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवले आणि मगच दार वाजवले. आत जेवण तयार होते. नंतर त्याने टॅक्सीवाल्यालाही आत जेवायला बोलावले, असे सांगतात.

मार्च १९७१ मध्ये डॉक्टरांचा विरोध असतानाही तो न्यूयॉर्कमध्ये दोन आठवडे वाजवायला उभा राहिला. ६ जुलै १९७१ रोजी त्याच घरात, झोपेत त्याचा अंत झाला. २००३ पासून तिथे संग्रहालय आहे आणि ल्युसिलचे निळे स्वयंपाकघर पाहायला मिळते. लुईची कबर क्वीन्समध्ये आहे. जो ऑलिव्हरची त्याच शहरात, ब्राँक्समध्ये.