कर्नल साइक्स आणि कल्ल्यातले बिऱ्हाड

अलिबागच्या बाजारात मासळी घेताना जाणती गृहिणी आधी कल्ला उघडून पाहते. लालभडक असला म्हणजे मासळी ताजी. नदीच्या माशाचा कल्ला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तेथे एक वेगळेच बिऱ्हाड सापडू शकते. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, चपटे, बारीक आकड्यांनी चिकटून बसलेले हे कृमी माशाच्या अंगावरच पोसतात. हे भाडेकरू मोठे हट्टी! त्यांतल्या बहुतेक जातींना एकच मासा, फार तर त्याचे जवळचे भाऊबंद चालतात. म्हणजे कृमी ओळखायचा तर आधी मासा ओळखायला हवा. घाटावरच्या नद्यांतल्या माशांची ही ओळख शास्त्राला करून दिली ती एका लष्करी अधिकाऱ्याने.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० सालचा. पोरवयातच ते कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. पेशवाई बुडाल्यानंतर, १८२४ मध्ये, सरकारने त्यांना दख्खनची आकडेवारी जमवण्याचे काम दिले. शेते, पिके आणि माणसे मोजता मोजता त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले. १८३१ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध झाली. त्यांतल्या कित्येक माशांना त्यांनी मराठी मुलखातलीच नावे ठेवली. खुदरी आणि शिंगाळा ही नावे आजही शास्त्रीय नामावलीत साइक्स यांच्या नावासह नांदत आहेत.

पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात गेले आणि १८७२ मध्ये वारले. त्यांचा विषय मासे होता, कृमी नव्हेत. कल्ल्यावरच्या कृमींच्या एका मोठ्या गणाला नाव मिळाले तेच १८५० मध्ये. त्यांनी वर्णिलेल्या खुदरीचा मूळ नमुनाही आज उपलब्ध नाही. त्या माशाचे कल्ले आता कोणालाच उघडून पाहता येणार नाहीत.

वाहत्या नदीत हे कृमी सहसा थोडे असतात, माशाला ते सोसवतात. दाटीने मासे पोसलेल्या तळ्यात मात्र त्यांची पिल्ले पोहत पोहत सहज नवा कल्ला गाठतात. मग माशांची कोवळी पिल्ले गुदमरून दगावतात. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने खुदरीची पैदास करून पिल्ले धरणांत आणि नद्यांत सोडली. अशा ठिकाणी कल्ले तपासणे ही हौस नव्हे, निकड असते. त्या तपासणीच्या नोंदवहीत पहिला रकाना माशाच्या नावाचा असतो. तो चुकला, तर पुढचे सारेच चुकते.