तबकडीत न मावलेला गंधर्व

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. मिनिटाला ७८ फेरे घेत ती संपली की सुई खरखरू लागे आणि ऐकणाऱ्याला उठावे लागे. बालगंधर्वांची बहुतेक पदे आपल्या पिढीला या तीन-साडेतीन मिनिटांच्या मापातच भेटली आहेत. ज्यांनी ती रंगभूमीवर ऐकली, त्यांच्या लेखी मात्र ती एवढी लहान कधीच नव्हती. 'वन्समोअर'मागून 'वन्समोअर' येत, तेच पद पुन्हा सुरू होई आणि प्रत्येक खेपेला नवे वळण घेई. तबकडी ऐकावी की मैफल गाठावी, हा वाद गाण्याच्या चाहत्यांत जगभर चालतो. मराठी माणसाला या वादाचे उत्तर शोधायचे असेल, तर त्याने बालगंधर्वांचे आयुष्य पाहावे. हा माणूस समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी जगला आणि त्याची किंमतही त्याने पुरेपूर मोजली.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. घरची परिस्थिती बेताचीच, पण गळा देवाघरचा. दहा वर्षांच्या नारायणाचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले. राजकारणातल्या त्या करारी पुरुषाने कौतुकाने दिलेले हे नाव पुढे मूळ नावालाच गिळून बसले. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची नायिकेची जागा रिकामी पडली. शाहू छत्रपतींचा वरदहस्त नारायणाला लाभला आणि १९०५ मध्ये तो या मंडळीत दाखल झाला. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या काळात समाजाला मान्य नव्हते. म्हणून शकुंतला काय, सुभद्रा काय, पुरुषानेच उभी करायची. नारायणरावांनी ती अशी उभी केली, की प्रेक्षागृहातल्या स्त्रियाच त्यांच्याकडून शालू नेसण्याची आणि शेला घेण्याची तऱ्हा शिकू लागल्या.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या आयुष्यात काळ्या शाईने लिहिला गेला. खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा त्या रात्री मुंबईत पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्याची मंडळीची तयारी होती. नारायणराव मात्र तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले. प्रेक्षकांनी पदे डोक्यावर घेतली. ही हकिगत आपण कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून ऐकत आलो आहोत, आणि ती आहेही तशीच. परंतु त्या रात्री नाट्यगृहात टाळ्या पडत असताना त्या मुलीच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, काय सोसले असेल, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कलावंताच्या त्यागाची गोष्ट सांगताना त्याच्या घराने केलेला त्याग हिशेबात धरला पाहिजे.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग आले ते वैभवाचे दिवस. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. घराणेदार रागदारी थेट रुक्मिणीच्या तोंडी आली आणि ज्याला रागाचे नावही ठाऊक नाही असा माणूस ती गुणगुणत घरी जाऊ लागला. १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सिंधूने याच माणसाचे दुसरे रूप दाखवले. भरजरी शालू उतरवून दारिद्र्याने गांजलेली, साध्या लुगड्यातली गृहिणी तितक्याच खरेपणाने त्यांनी उभी केली. ते यश पाहायला गडकरी राहिले नव्हते. पहिल्या प्रयोगाच्या आधी महिनाभरच त्यांचा मृत्यू झाला होता.

या गाण्यात असे होते तरी काय? आवाज गोड होता, हे तर झालेच. पण गोड आवाजाचे गायक पुष्कळ होऊन गेले. नारायणरावांचा सूर नेमक्या जागी लागे आणि शब्द कधी चिरडला जात नसे. तान येई ती भावाचा हात धरून. लयीशी त्यांचे खेळणे तर जाणकारांनाही चकवणारे. बोल मागे रेंगाळत ठेवून ते समेवर असे अलगद येत, की श्रोत्याचा जीव भांड्यात पडे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे यांच्यासारखी माणसे. अशा साथीदारांबरोबर एकच पद दोन रात्री एकसारखे होणे शक्यच नव्हते. कोणत्या जागेवर किती थांबायचे, हे त्या रात्रीच्या श्रोत्यांची दाद ठरवी.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एरवी एकमेकांसमोर ठाकलेल्या दोन मंडळ्यांचे हे दोन मानकरी, आणि तिकिटासाठी उडालेली झुंबड! मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला प्रयोग कोणता, असे विचारले तर अनेक जण याचेच नाव घेतील. त्याचे ध्वनिमुद्रण नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले आणि ती जोडी कायमची फुटली. एवढी मोठी रात्र उरली ती केवळ लोकांच्या सांगण्यात.

वैभवामागून कर्ज आले. उंची वस्त्रे, खरी अत्तरे, खर्चिक देखावे, मोठा परिवार आणि हिशेबाकडे पाठ, याचा शेवट दुसरा काय होणार? मंडळीचे कर्ज नारायणरावांनी एकट्याच्या शिरावर घेतले आणि प्रयोगांच्या कमाईतून वर्षानुवर्षे फेडले. पण काळ बदलत होता. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले. चित्रपट चांगला होता, परंतु कॅमेऱ्यासमोर दाद देणारे कोणी नसते. ठरलेल्या जागी ठरलेले गाऊन थांबायचे, हा व्यवहार त्यांना मानवला नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांनी नायिका व्हावे आणि नारायणरावांनी पुरुषभूमिका कराव्यात, हे अनेक जुन्या चाहत्यांना रुचले नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. गाण्याने नाटकाला खाल्ले, कथानक खोळंबले, वय उलटल्यावरही तरुण नायिकेचा वेष उतरेना, हे आक्षेप आजही विचार करण्याजोगे आहेत. मात्र 'वन्समोअर' मागणारे हात प्रेक्षकांचे होते, हेही विसरून चालणार नाही.

शहरातली नाट्यगृहे ओस पडू लागली, तरी त्यांचे गाणे खेड्यात पोहोचले ते अभंगांमुळे. १९३१ च्या 'कान्होपात्रा' नाटकातील अभंग रंगभूमीवरून थेट भजनी मंडळांत गेले. बारामती-इंदापूरच्या वाटेने दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. वरकुट्यासारख्या गावात नाट्यसंगीत कोणाला रुक्ष वाटेल, पण अभंग कोणाला परका नाही. संगीत नाटक कधी न पाहिलेल्या माणसालाही हे सूर ओळखीचे वाटतात, ते याच वाटेने.

आता अनुकरणाविषयी. बालगंधर्वांची पदे गाणारे गावोगाव झाले आणि आजही आहेत. पुष्कळ जण ती तबकडीवरून उचलतात. वेळ संपत आल्यामुळे तबकडीवर जी घाई झाली, तीही इमानाने उचलतात! १९६५ मध्ये कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सादर केला, तेव्हा त्यांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी आवाजाची नक्कल केली नाही. त्या गाण्याच्या मुळाशी असलेला विचार शोधला आणि तो स्वतःच्या गळ्यातून मांडला. कार्यक्रमाच्या नावातच त्यांची नम्रता आहे आणि धैर्यही. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांच्या भूमिकेला आनंद भाटे यांनी गळा दिला आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पाहून कितीतरी तरुण मूळ तबकड्यांकडे वळले.

नारायणरावांचे अखेरचे दिवस कष्टात गेले. पाय अधू झाले, पैसा नव्हता. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण मान आला तेव्हा शरीर थकले होते. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचा पडदा उघडला, तेव्हा ज्याच्या नावाने तो उघडला तो गंधर्व तिथे नव्हता.

तबकड्या आहेत म्हणून हा आवाज आपल्याला ठाऊक आहे, हे त्यांचे उपकार मोठेच. त्या जरूर ऐकाव्यात. मात्र सुई थांबते तिथे पद संपले असे समजू नये. तिथे त्या काळचे श्रोते पुन्हा एकदा म्हणून ओरडत असत आणि नारायणराव हसून पुन्हा पहिल्या सुराकडे वळत असत.