फळ्यावरची नावं आणि किर्लोस्करवाडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी ऑफिसात माणसांना गुण देत बसले होते. तुमच्यापैकी जे कंपन्यांत आहेत त्यांना मार्च महिना म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्या हाताखाली सतरा इंजिनिअर आहेत. प्रत्येकाचं वर्षभराचं काम एका तक्त्यात बसवायचं, कंपनीच्या उद्दिष्टांशी त्याचा मेळ लावायचा आणि मग कोणीतरी तळाला जायलाच हवा म्हणून एकाला तळाला ढकलायचं. वर्गात मी मॉनिटर होते, हे तुमच्या लक्षात असेलच. बाई नसताना बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. वीस वर्षांच्या नोकरीनंतर पाहते तर काम तेच आहे, फक्त फळा बदलला.

म्हणून यंदा मला ज्या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं, त्यांचं नाव आपण सगळ्यांनी लहानपणीच वाचलं आहे, पुस्तकात नव्हे तर पंपावर आणि इंजिनावर. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आठवीच्या सहलीला जाताना गाडी किर्लोस्करवाडी स्टेशनात थांबली होती आणि आपण खिडकीतून भेळवाल्याला हाका मारत होतो, एवढीच माझी त्या गावाची ओळख. स्टेशनाला माणसाचं नाव कसं पडलं, हे विचारायचं सुचलं नव्हतं. ते मी चाळिशीत वाचलं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. वडिलांची इच्छा नसताना १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पाठीशी थोरले बंधू रामुअण्णा होते. पण थोड्याच काळात एक गोष्ट उघडकीला आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा शेरा होता 'अपेक्षेपेक्षा कमी'.

त्यांनी रंग सोडले, पण हात सोडला नाही. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत; रेघ अचूक लागते. ते ती कला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्ही.जे.टी.आय. म्हणतो तिथे, शिक्षक झाले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रं हाताळायला मिळाली. नोकरी सांभाळून त्यांनी आणखी एक उद्योग आरंभला. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या. तिथे रामुअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला ती जागा दिली गेली. पात्रता असूनही. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. त्यांचं पुढचं आयुष्य वाचताना मला या दोन प्रसंगांचा विसर पडत नाही. चुकीच्या जागी बसवलं तर चांगला माणूस कसा निरुपयोगी दिसतो, आणि योग्य माणसाला डावललं तर तो कसा निघून जातो, हे दोन्ही त्यांनी स्वतः सोसलं होतं.

बेळगावात त्यांनी कडबा कापायची यंत्रं केली आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर तयार झाला, पण घेईना कोणी. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. आमच्या धंद्यात दोन महिन्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही तर प्रकल्प गुंडाळतात. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून सोडून दिलं नाही. वस्तू सुधारत राहणं, ती शेतात चालवून दाखवणं आणि वाट पाहणं, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी केलं.

जम बसतोय तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. नवं उपनगर वसवायचं होतं, कारखाना आड येत होता. यंत्रं, माणसं, अर्धवट कामं, सगळं घेऊन जायचं कुठे? या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान. साप उदंड, पाण्याची मारामार. १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे येऊन राहिली. आधी निवडुंग तोडला, मग घरं आणि शेड उभी राहिली. पुढे कुंडल रोड हे नाव जाऊन स्टेशन किर्लोस्करवाडी झालं.

आता मूळ मुद्द्यावर येते. या माळावर लक्ष्मणरावांच्या भोवती कोण माणसं होती ते पाहा. रामुअण्णांकडे वसाहतीची आखणी आणि कारभार. शंभोराव जांभेकर हे हरहुन्नरी इंजिनिअर. मंगेशराव रेगे हिशेब आणि दप्तर सांभाळणारे. के. के. कुलकर्णी शाळेत अपयशी ठरलेले. ते व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. आणि तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग या दोघांना दरोड्यात शिक्षा झालेली होती. त्यांच्याकडे काय दिलं असेल? वसाहतीची राखण. ज्यांच्यापासून राखायचं, असं जग म्हणत होतं, त्यांनाच राखणदार केलं, आणि ते विश्वासाला उतरले.

ज्या काळात इंग्रज सरकार काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारत होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा आग्रह होता. याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत झाली आणि तिच्यावरून पुढे शांतारामबापूंना 'दो आँखें बारह हाथ' सुचला. तो सिनेमा आपण शाळेच्या पटांगणावर पडदा लावून पाहिला होता. पाऊस आला तरी कोणी उठलं नव्हतं.

लक्ष्मणराव भाबडे होते, असा अर्थ काढू नका. त्यांना धंदा करायचा होता आणि त्यांनी तो चोख केला. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि मागणी वाढली, पण त्याच वेळी कोळसा, लोखंड, रंगसुद्धा मिळेना. वाडीच्या माणसांनी एकेक पर्याय शोधून काम चालू ठेवलं. नांगरामागून उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप आले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी त्यांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढलं; त्यातूनच आपल्या आजी-आयांच्या हातातली 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिकं पुढे आली. १९२६ मध्ये मुलगा शंतनुराव अमेरिकेतून एम.आय.टी.ची पदवी घेऊन परतले आणि कामाला लागले. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीच्या कारखान्याला आग लागली. तोही पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले तेव्हा निवडुंगाच्या त्या माळावर एक अख्खं गाव नांदत होतं.

सगळ्यांची तोंडं एका दिशेला कशी वळवायची, यावर आमच्याकडे दर तिमाहीला दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. वाडीत ते कसं साधलं असेल, याचा मी विचार करते तेव्हा मला वाटतं, तिथे उद्दिष्ट कागदावर नव्हतं, डोळ्यांसमोर होतं. नांगर शेतकऱ्याच्या शेतात चालला पाहिजे. ओतकाम करणाऱ्याला, हिशेबनिसाला आणि रात्री पहारा देणाऱ्यालाही ते कळत होतं; नांगर विकला गेला नाही तर आपली चूल पेटणार नाही, हेही कळत होतं. अर्थात मालकच घर देणार, मालकच गाव चालवणार, ही पद्धत आज मला मानवणार नाही. नोकरी गेली तर घरही गेलं, ही टांगती तलवार कोणाच्या डोक्यावर असू नये. ते सगळं उचलून आणा, असं मी म्हणत नाही. माणूस पाहून काम देण्याची त्यांची दृष्टी मात्र मला हवी आहे.

कारण ती माझ्याकडे नव्हती. तीन वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. नवीन कोड लिहायला संथ, मीटिंगमध्ये गप्प. तक्त्यात त्याला मी तळाला ठेवलं. त्याने वाद घातला नाही, महिन्याभरात राजीनामा दिला. त्यानंतर रात्री-अपरात्री सिस्टीम बंद पडू लागली आणि कारण कोणालाच सापडेना. तेव्हा जुन्या नोंदी चाळताना कळलं, की अशी दुखणी तो एकटाच शोधून निस्तरत होता. कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानाही नव्हता. मी त्याला फोन करून माफी मागितली. तो चांगलं बोलला, पण परत आला नाही. का यावं त्याने?

त्या रात्री मला आपली प्रयोगशाळा आठवली. दहावीत आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेची किल्ली कोणाला दिली होती, आठवतं? मॉनिटरला नाही. मी चार दिवस फुगून बसले होते. किल्ली त्यांनी दिली शेवटच्या बाकावरच्या त्याला, ज्याचं नाव मी फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा लिहिलं होतं. त्या वर्षी एकही परीक्षानळी फुटली नाही, आणि सुट्टीतही तो काचा पुसत बसलेला दिसायचा. सरांना जे दिसलं, ते मला दिसायला तीस वर्षं लागली.

यंदाचा तक्ता भरताना मी आधी सतराही जणांशी एकेक तास बोलले. तुला कोणतं काम दिलं तर तू घड्याळ विसरशील, एवढंच विचारलं. दोघांची कामं बदलली. तळाला कोणाला ठेवायचं, यावरून वरिष्ठांशी माझा वाद चालू आहे. त्याचा निकाल ही स्मरणिका छापून येईपर्यंत लागेल. मी जिंकेनच असं नाही.

मेळाव्याला तो येणार आहे, असं कळलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. फळ्यावर पुष्कळ लिहून झालंय. सर आता थकले आहेत, पण तेही येतो म्हणाले आहेत. दोघांनाही मला भेटायचं आहे. एकाची माफी मागायची आहे, आणि दुसऱ्यांना विचारायचं आहे, की किल्ली कोणाला द्यायची हे तुम्हाला कसं कळलं.