सेल्युलोजचा शोध लावणारे आन्सेल्म पायेन

कपाशीचा धागा, उसाची चिपाडे आणि ज्वारीचा कडबा या सगळ्यांचा मुख्य घटक एकच, सेल्युलोज. तो प्रथम वेगळा काढला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी.

पायेन यांचा जन्म १७९५ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडिलांचे रसायनांचे कारखाने होते. वडिलांनीच त्यांना घरी विज्ञान शिकवले. विशीत त्यांच्याकडे बोरॅक्सच्या कारखान्याची जबाबदारी आली. त्यांनी बोरिक आम्लापासून बोरॅक्स तयार केले आणि डच व्यापाऱ्यांपेक्षा स्वस्त विकले. पुढे बीटपासून साखर करताना रसाचा रंग घालवण्यासाठी हाडांच्या कोळशाचा अभ्यास केला.

१८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून एक पदार्थ वेगळा केला. तो स्टार्चचे साखरेत रूपांतर करत होता. त्याला त्यांनी डायस्टेज हे नाव दिले. विकरांच्या नावाच्या शेवटी ‘एज’ लावण्याची पद्धत त्यावरूनच पडली. बी उगवताना साठवलेला स्टार्च अशाच विकरांमुळे कोंबाला मिळतो.

१८३८ मध्ये त्यांनी लाकडावर नायट्रिक आम्ल व अल्कलीची प्रक्रिया केली. मागे तंतुमय पदार्थ उरला. त्यातील कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजनचे प्रमाण स्टार्चइतकेच होते, पण गुणधर्म वेगळे होते. पेशींच्या भिंतीतला म्हणून त्याचे नाव सेल्युलोज पडले. दोन्ही पदार्थ ग्लुकोजचेच असले, तरी कड्या जोडण्याची पद्धत वेगळी असते, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणूनच आपल्याला भाकरी पचते, कडबा पचत नाही. गुरांना मात्र पोटातील सूक्ष्मजीवांमुळे तो पचवता येतो.

पायेन १८७१ मध्ये वारले. विकर आणि सेल्युलोज या दोन्ही विषयांत त्यांनी पायाभूत काम केले. पण सेल्युलोज बांधणारे विकर त्यांना माहीत नव्हते. त्याची वनस्पतींमधील जनुके १९९६ मध्ये कपाशीच्या धाग्यातूनच ओळखली गेली. हे सेल्युलोज सिंथेज विकर पेशीपटलात बसलेले असते. पेशीच्या आतल्या बाजूने ते ग्लुकोजची एकेक कडी जोडते आणि तयार होणारी साखळी त्याच वेळी स्वतःमधील अरुंद मार्गातून पटलाबाहेर ढकलते. बाहेर अनेक साखळ्या एकत्र येऊन मजबूत तंतू बनतो.

कपाशीत फूल उमलल्यानंतर आधी धागा लांब होतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या आतील बाजूस सेल्युलोजचे थर बसू लागतात. यासाठी लागणारी साखर पानांतून येते. या काळात पाण्याचा ताण, लाल्या किंवा रसशोषक किडींमुळे पाने लवकर गळाली, तर थर पातळ राहतात. धागा अपरिपक्व राहतो, मायक्रोनेअर घटतो आणि बाजारात प्रत कमी लागते. म्हणून बोंडे भरेपर्यंत पाने हिरवी व निरोगी ठेवावीत.