जॉन लॉक : विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा कैवारी

राजाने प्रजेच्या जिवाचे व मालमत्तेचे रक्षण करावे, पण तिच्या विश्वासावर हुकूम चालवू नये, ही गोष्ट आज आम्हांस इतकी सरळ वाटते की, ती कोणास तरी मोठ्या प्रयासाने सिद्ध करून दाखवावी लागली हे ध्यानातही येत नाही. ज्या थोड्या पुरुषांनी ती युरोप खंडाच्या मनावर ठसविली, त्यांत इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक ह्याचे नाव अग्रभागी आहे. तो पाळक नव्हता की उपदेशकही नव्हता. तो वैद्यक शिकलेला विद्वान गृहस्थ होता. त्याच्या चरित्रात आमच्या मंडळ्यांस घेण्याजोगा बोध आहे, व त्याच्या चुकांतही आहे. म्हणून ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

लॉक ह्याचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात रिंग्टन गावी झाला. आईबाप प्युरिटन मताचे असून बाप वकिली करीत असे. जॉन दहा वर्षांचा असता राजा पहिला चार्ल्स व पार्लमेंट ह्यांच्यामध्ये युद्ध जुंपले, आणि बाप पार्लमेंटच्या घोडदळात कप्तान झाला. बापाच्या वरिष्ठाच्या शिफारशीने १६४७ साली मुलास लंडन येथील वेस्टमिन्स्टर शाळेत जागा मिळाली. तो तेथे शिकत असताच, ३० जानेवारी १६४९ रोजी, शाळेपासून थोड्याच अंतरावर राजाचा शिरच्छेद झाला. दोन्ही पक्ष त्याच पवित्र शास्त्राचा आधार घेत, त्याच प्रभूचे नाव घेत, आणि एकमेकांचे रक्त सांडीत. असल्या काळात हा मुलगा वाढला.

१६५२ साली तो ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च विद्यालयात गेला व पुढे तेथेच शिक्षक झाला. १६६० साली राजसत्ता पुन्हा स्थापन झाली, तेव्हा त्यास आनंद वाटला. कारण तो बेबंदशाहीस कंटाळला होता. त्या वेळी त्याने असे लिहून ठेविले की, उपासनेच्या बाह्य रीती ठरविण्याचा अधिकार राज्याधिकाऱ्यास आहे, व प्रजेने त्या मुकाट्याने मानाव्या. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. धर्मस्वातंत्र्याचा पुढील कैवारी तरुणपणी अगदी उलट बाजूस उभा होता.

त्याचे मन पालटण्यास एक प्रवास पुष्कळ अंशी कारण झाला. १६६५ सालच्या अखेरीस तो इंग्रज वकिलातीचा चिटणीस म्हणून जर्मनीतील क्लीव्ह शहरी गेला. तेथे कॅल्विनपंथी, लूथरपंथी व रोमन कॅथॉलिक लोक एकाच गावात राहत, आपापल्या मंदिरांत जात, आणि कोणी कोणाशी भांडत नसे. ऑक्सफर्ड येथे बसून त्याने ठरविले होते की, एकच रीत नसेल तर राज्यात गोंधळ माजेल. येथे रीती अनेक, पण गोंधळ नव्हता. हे त्याने आपल्या मित्रास पत्राने कळविले, आणि पुढे १६६७ साली सहिष्णुतेच्या बाजूने एक निबंध लिहिला.

ह्याच सुमारास लॉर्ड ॲश्ली (पुढे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी) नामक सरदाराने त्यास आपल्या घरी ठेवून घेतले. १६६८ साली ह्या सरदाराच्या यकृतात पू झाला, तेव्हा लॉकच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया होऊन एक नळी बसविण्यात आली, व सरदाराचा जीव वाचला. ह्या स्नेहामुळे लॉक राज्यकारभारात शिरला, आणि ह्याच स्नेहामुळे त्यास पुढे देशत्याग करावा लागला. शाफ्ट्सबरी राजाच्या विरोधी पक्षाचा पुढारी झाला व अखेर हॉलंडात पळून जाऊन १६८३ साली वारला. त्याच वर्षी लॉकही हॉलंडात गेला. १६८४ साली राजाज्ञेने त्याची ऑक्सफर्डची जागा काढून घेण्यात आली. पुढच्या वर्षी त्यास धरून देण्याची मागणी झाली, तेव्हा तो आम्स्टरडाम शहरी नाव बदलून लपून राहिला.

त्याच १६८५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेस पूर्वी मिळालेले अभयपत्र रद्द केले. त्यांची मंदिरे पाडण्यात आली. पाळकांस पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला. आणि लोकांनी विश्वास सोडावा म्हणून त्यांच्या घरांत शिपाई आणून बसविण्याचा प्रकार तर आधीपासूनच चालू होता. हजारो कुटुंबे पळून परदेशी गेली. ह्याच हिवाळ्यात लॉक ह्याने आपला मित्र फिलिप व्हान लिंबोर्ख ह्यास उद्देशून सहिष्णुतेविषयी एक पत्र लॅटिन भाषेत लिहिले. ते १६८९ साली लेखकाच्या नावावाचून छापले गेले.

त्या पत्राचा आशय असा. राज्य हे मनुष्यांच्या ऐहिक हितासाठी, म्हणजे जीव, स्वातंत्र्य व मालमत्ता ह्यांच्या रक्षणासाठी आहे. आत्म्याची काळजी देवाने कोणत्याही राजाकडे सोपविलेली नाही. राजाचे बळ तरवारीत व दंडात आहे. पण दंडाने मनुष्याचे तोंड वळते, मन वळत नाही. आणि मनावाचून केलेली उपासना देवास मान्य नाही. मंडळी ही आपखुशीने एकत्र आलेल्यांची संगत होय. जो तिचे नियम मोडील त्यास तिने बोध करावा, आणि न ऐकेल तर आपल्या संगतीतून दूर करावे. परंतु त्याच्या शरीरास, घरास किंवा शेतास हात लावू नये. यहूदी, मुसलमान अथवा मूर्तिपूजक ह्यांसही केवळ धर्मावरून नागरिकाच्या हक्कांस मुकवू नये, असे तो स्पष्ट म्हणतो.

१६८९ सालच्या फेब्रुवारीत, राज्यक्रांती झाल्यावर, राजकन्या मेरी ज्या जहाजातून इंग्लंडास परतली त्याच जहाजातून लॉकही आला. त्याच वर्षअखेरीस राज्यव्यवस्थेवरील त्याचे दोन प्रबंध छापले गेले. राजांस आदामापासून वारशाने अनियंत्रित सत्ता मिळाली आहे हे मत त्याने पहिल्यात शास्त्राधारेच खोडून काढिले. दुसऱ्यात त्याने दाखविले की, सर्व मनुष्ये देवाची कृती असल्यामुळे स्वभावतः स्वतंत्र व समान आहेत. राजसत्ता प्रजेच्या संमतीने येते. आणि जो राजा प्रजेचा विश्वासघात करितो त्यास दूर करण्याचा प्रजेस अधिकार आहे. १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले, त्या जाहीरनाम्यात हेच विचार दिसून येतात.

शेवटली वर्षे त्याने एसेक्स परगण्यात मॅशम कुटुंबात काढिली. तेथे तो प्रेषित पौलाच्या पत्रांवर टीपा लिहीत असे. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी घरधनीण डॅमरिस मॅशम त्यास स्तोत्रे वाचून दाखवीत असता त्याचा प्राण गेला.

आता त्याचे उणेही सांगितले पाहिजे. नास्तिकांस, व परक्या सत्तेशी निष्ठा बाळगणाऱ्यांस, म्हणजे त्या काळी रोमन कॅथॉलिकांस, त्याने ही सवलत नाकारिली. ह्याहून मोठा दोष असा की, गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्याने पैसा गुंतविला होता. अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीची १६६९ सालची घटना तयार करण्यात त्याचा हात होता; तीत गुलामाने कोणत्याही मंडळीत सामील व्हावे, पण धन्याची सत्ता त्यावर पूर्ववत राहील असे लिहिले होते. सर्व मनुष्ये समान असे सांगणाऱ्याच्या दृष्टीस दारातला गुलाम पडला नाही. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य दुसऱ्यास देताना मोठमोठ्यांचाही हात आखडतो.

आमच्या देशात १८५० सालच्या २१ व्या कायद्याने असे ठरले की, धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचा वारसाहक्क जाऊ नये. २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य ह्यांच्या मर्यादेत, प्रत्येकास विवेकबुद्धीचे व धर्मपालनाचे स्वातंत्र्य आहे. ज्यांच्या वडिलांस विश्वासापायी विहीर बंद झाली, त्यांस ह्याचे मोल सांगणे नको.

परंतु, बंधूंनो, हे माप दुसऱ्यांसही लावा. कोणी मंडळी सोडून गेला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा; त्याचे पाणी तोडू नका, त्याची मजुरी बुडवू नका. घरातील पोराने भयाने म्हटलेला विश्वासांगीकार हा विश्वास नव्हे. आणि उपदेशकांनी लक्षात ठेवावे की, धान्याच्या किंवा नोकरीच्या आशेने नोंदवहीत चढलेली नावे प्रभूच्या पुस्तकात चढतातच असे नाही. आमच्या प्रभूने दार ठोठाविले. ते फोडिले नाही.