तारांचा गुंता आणि जगदीशचंद्र बोस

दूरचित्रवाणी संच भिंतीवर टांगला, तरी त्यामागे लोंबणाऱ्या तारांचा गुंता सुटत नाही. तो सोडविण्यासाठी २००८ मध्ये 'वायरलेस एचडी' हे मानक जाहीर झाले. डिस्क प्लेअरमधील चित्र ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवरून, सेकंदाला ४ गिगाबिटपर्यंतच्या वेगाने पडद्याकडे धाडण्याची ही योजना. या लहरींची लांबी जेमतेम ५ मिलिमीटर. एवढ्या आखूड लहरी एकोणिसाव्या शतकातच कोलकात्यात निर्माण झाल्या होत्या. त्या निर्माण करणारे होते आचार्य जगदीशचंद्र बोस.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही मुलाला त्यांनी प्रथम बंगाली शाळेतच घातले. केंब्रिजला लॉर्ड रॅले यांच्याकडे शिकून परतलेले जगदीशचंद्र १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. गोऱ्या अध्यापकांच्या दोन-तृतीयांश वेतन भारतीयांना, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही निम्मे, असा तेथील हिशेब होता. वडील कर्जबाजारी असतानाही बोस यांनी ते वेतन नाकारले आणि तीन वर्षे विनावेतन शिकविले. अखेर सरकार नमले. पूर्ण वेतन मागील थकबाकीसह मिळाले.

संशोधनासाठी प्रयोगशाळा मात्र नव्हतीच. एक चिंचोळी खोली आणि मदतीला एक पत्र्याचे काम करणारा कारागीर, एवढ्या भांडवलावर १८९४ मध्ये काम सुरू झाले. हर्ट्झ यांच्या लहरी कित्येक पट लांब. त्यांचे गुणधर्म तपासण्यास अवजड आरसे लागत. लहरी आखूड केल्या तर सारे उपकरण मेजावर मावेल, हे बोस यांनी ओळखले. लहरींचे ध्रुवीकरण करण्यासाठी त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही त्या कामी आले! १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी तारेविना घंटा वाजवून व बंदुकीची दारू उडवून दाखविली. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ही उपकरणे विद्वानांपुढे मांडली गेली.

शोधातून धन मिळविणे त्यांना रुचत नसे. गॅलिना स्फटिकाच्या ग्राहकाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावे झाले, तेही स्नेह्यांच्या आग्रहाखातर. जगाला तेव्हा समुद्रापार संदेश पाठवायचे होते. त्यासाठी लांब लहरी हव्या होत्या. मिलिमीटर लहरी मागे पडल्या. बोसही वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी बोस संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

दूर न जाणे हा या लहरींचा दोष एका खोलीत गुण ठरतो. भिंत त्यांना अडविते, हवेतील प्राणवायू त्यांना शोषतो. त्यामुळे शेजारच्या संचात व्यत्यय येत नाही. 'वायरलेस एचडी' बाजारात फारसे रुजले नाही, पण त्याच पट्ट्यात २०१२ मध्ये वाय-फायचे नवे मानक आले. त्याच वर्षी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने बोस यांच्या १८९४ ते १८९६ मधील प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.